निजलेल्या माणसाचें स्वातंत्र्य

गेल्या उन्हाळ्यांत माझा पुतण्या ग्लासगोहून चार आठवड्यांच्या रजेवर धुळ्यास आला, तेव्हां घरच्यांसाठीं आणलेल्या वस्तूंबरोबर त्यानें एक पांढरी, वाटोळी, बशीएवढी डबी माझ्या हातीं ठेविली. तो स्मोक डिटेक्टर होता. स्कॉटलंडांत १ फेब्रुवारी २०२२ पासून प्रत्येक घरांत असलीं यंत्रें असलींच पाहिजेत असा कायदा आहे. बैठकीच्या खोलींत एक, प्रत्येक मजल्यावरील वाटेंत एक, स्वयंपाकघरांत उष्णता ओळखणारें एक, आणि हीं सर्व परस्परांशीं अशीं जोडलेलीं कीं एक ओरडलें म्हणजे सगळींच ओरडावींत. घर भाड्याचें असो वा स्वतःचें, नियम एकच. आमच्या घरांत असें कांहींच नाहीं याचें पुतण्यास नवल वाटलें. मला नवल वाटलें तें असें कीं, ज्या बेटावर ‘माझें घर हा माझा किल्ला’ ही म्हण जन्मास आली, तेथेंच कायदा आतां निजावयाच्या खोलीच्या दारापर्यंत येऊन पोहोंचला आहे.

पुतण्यानें तें यंत्र स्वयंपाकघराच्या दाराबाहेर छताला बसविलें आणि तो परत गेला. पुढील आठ दिवसांत तें तीनदां ओरडलें. पहिल्यानें काळ्या मसाल्यासाठीं कांदा-खोबरें भाजतांना, नंतर भरताचीं वांगीं भाजतांना, आणि शेवटीं फोडणींत मिरची करपली म्हणून. खानदेशांतील स्वयंपाकघर धुरावांचून चालत नाहीं ही गोष्ट त्या यंत्रास कोणीं सांगितलेली नव्हती. तिसऱ्या खेपेस मी स्टुलावर चढलों, बॅटरी काढली आणि यंत्र टेबलाच्या खणांत टाकून दिलें.

त्या रात्रीं मला झोंप लवकर लागली नाहीं. घरांत माझ्याशिवाय माझी वृद्ध आई, पत्नी, आणि सुटीसाठीं आलेली मुलगी व तिचें तीन वर्षांचें बाळ एवढीं माणसें निजलेलीं होतीं. यांपैकीं कोणालाही न विचारतां मीं त्यांच्या उशाशीं बसलेला एक पहारेकरी, तो फार बोलतो एवढ्याच कारणासाठीं, कामावरून दूर केला होता. पंचवीस वर्षें वर्गांत नीतिशास्त्र शिकविणाऱ्या माणसास आपल्या हातून झालेल्या कृत्याचें समर्थन करतां येऊं नये हें लाजिरवाणें आहे. ‘घर माझें आहे’ एवढें एकच उत्तर मजपाशीं होतें, आणि तें उत्तर पुरेसें आहे काय हाच या लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ तर्काच्या करमणुकीचा नाहीं. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहांटे पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथें दुकानाच्या पोटमाळ्यावर निजलेलें चौघांचें कुटुंब आगींत मरण पावलें. ३ एप्रिल २०२४ च्या पहांटे छत्रपति संभाजीनगरच्या छावणी भागांत तळमजल्यावरील शिवणकामाच्या दुकानास आग लागली आणि वर निजलेलीं एकाच कुटुंबांतील सात माणसें धुरानें गुदमरून गेलीं. त्याच वर्षीं ६ ऑक्टोबरच्या पहांटे मुंबईंत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनींत तसाच प्रसंग घडला. खालीं दुकान, वर बिऱ्हाड, आणि मृतांची संख्या पुनः सात, त्यांत मुलेंही होतीं. ज्यानें जळगांवचा दाणाबाजार किंवा धुळ्याच्या आग्रा रोडलगतच्या गल्ल्या पाहिल्या आहेत त्याला या वर्णनांत परकें असें कांहींच वाटणार नाहीं. रस्त्यावर दुकान, त्याचें लोखंडी शटर रात्रीं खालीं ओढून कुलूप लावलेलें, वर जाणारा एकच जिना, आणि तोही पुष्कळदां दुकानांतूनच, चोराच्या भयानें खिडक्यांना पक्क्या जाळ्या, जुन्या घरीं सागवानी खांब, तुळया व वर मातीचें धाबें. एप्रिल-मे महिन्यांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळिसांच्या पुढें जातो, तेव्हां रात्रभर कूलर चालतात. जिन्याखालीं इन्व्हर्टर असतो, आणि अलीकडे त्याच्याच शेजारीं विजेवर चालणारी दुचाकी रात्रीं चार्जिंगला लावून ठेविलेली असते. ज्या काळीं हीं घरें बांधलीं त्या काळीं त्यांत निजण्यापूर्वीं चूल विझविली म्हणजे विस्तवाचा संबंध संपत असे. आतां घरांतला विस्तव भिंतीच्या आंत असतो आणि तो कोणी विझवीत नाहीं.

धूर निजलेल्या माणसास जागें करतो अशी आपली समजूत आहे. ती खरी नाहीं. झोंपेंत कान कांहीं अंशीं जागा राहतो, नाक जवळजवळ राहत नाहीं. गादीचा फोम, प्लॅस्टिक, तारांवरील वेष्टन हीं धुमसूं लागलीं म्हणजे त्यांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला वास नाहीं आणि रंग नाहीं. रक्तांत प्राणवायूची जागा तो बळकावतो, आणि निजलेल्यास त्याचा अनुभव येतो तो झोंप अधिक गाढ झाल्याचा. अशा वेळीं यंत्र काय करतें तें पाहण्यासारखें आहे. त्याच्या लहानशा काळ्या कोठडींत प्रकाशाचा एक किरण सोडलेला असतो. पण तो जेथें जातो तेथें डोळा नसून डोळा आडबाजूस बसविलेला असतो. कोठडींत धूर शिरला कीं किरण त्याच्या कणांवर आदळून विखुरतो, आडबाजूच्या डोळ्यास उजेड दिसतो आणि भोंगा सुरू होतो. नाकाचें काम डोळ्याकडून करवून कानास सांगावयाचें, एवढीच त्यांतील युक्ति. हें यंत्र आग विझवीत नाहीं. तें केवळ वार्ता देतें.

आतां कायद्याकडे वळूं. आपल्या राज्यांत ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ हा ६ डिसेंबर २००८ पासून अंमलांत आहे. त्यानें जबाबदारी मालक किंवा भोगवटादार यांजवर टाकिली असून, बसविलेलीं साधनें चालू स्थितींत आहेत असें परवानाधारक संस्थेचें प्रमाणपत्र दरवर्षीं जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावें असें सांगितलें आहे. कोणत्या इमारतींत कोणतें साधन हवें हें राष्ट्रीय इमारत संहितेवरून ठरतें, आणि ती संहिता पंधरा मीटर व त्याहून अधिक उंचीच्या इमारतींकडे विशेष लक्ष पुरविते. एकदोन कुटुंबांच्या ठेंगण्या खासगी घरांत धूर-सूचक असलाच पाहिजे असें बंधन नाहीं. उंचीचा हा हिशेब निराधार आहे असें मी म्हणत नाहीं. शिडी कोठवर पोहोंचते आणि जिन्यांतून किती माणसें उतरावयाचीं याचा विचार त्यामागें आहे. परंतु वर सांगितलेल्या तीन प्रसंगीं जीं अठरा माणसें गेलीं तीं कांहीं गगनचुंबी इमारतींत राहत नव्हतीं. तीं रस्त्यापासून हांकेच्या अंतरावर होतीं.

कायदा घराच्या उंबरठ्यापाशीं थबकतो यांत केवळ आळस नाहीं, एक तत्त्वही आहे. सर एडवर्ड कोक यानें नोंदविलेल्या १६०४ सालच्या एका निवाड्यांत घरास मालकाचा किल्ला म्हटलें आहे, आणि पुढील चार शतकांत राजसत्तेच्या अरेरावीविरुद्ध सामान्य माणसास या विचाराचा मोठा आधार मिळाला. मलाही हें तत्त्व प्रिय आहे. सरकारी मनुष्यानें माझ्या देवघरांत येऊन समई कोठें ठेवावी हें सांगावें, असें मला मुळींच वाटत नाहीं. परंतु किल्ला म्हटला कीं किल्लेदार आला. किल्ल्याचें स्वातंत्र्य म्हणजे वस्तुतः किल्लेदाराचें स्वातंत्र्य. आंत राहणाऱ्या इतरांचें नव्हे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत वायरिंग केव्हां बदलावयाचें, जाळीचें दार कोठें बसवावयाचें, त्याची किल्ली कोणाच्या उशाखालीं असावयाची, हे निर्णय एकदोन माणसें घेतात आणि त्यांचे परिणाम सगळीं भोगतात. आई, मूल, कामास ठेविलेला व दुकानांतच निजणारा पोऱ्या, कॉलेजसाठीं शहादा किंवा चोपड्याहून येऊन कॉटच्या भाड्यानें राहणारा विद्यार्थी, यांपैकीं कोणीं हा धोका पत्करिलेला नसतो. तो त्यांना घरासोबत मिळालेला असतो. म्हणून ‘आपल्या जिवाचें काय करावयाचें तें मी पाहीन’ हें वाक्य एकट्या राहणाऱ्या माणसानें म्हटलें तर विचारार्ह आहे; कुटुंबवत्सल माणसाच्या तोंडीं तें अपुरें आहे.

एकट्या माणसाच्या बाबतींत तरी तें पुरें पडतें काय? मिल्लचें नांव आगरकरांच्या काळापासून मराठी वाचकांस परिचित आहे. व्यक्तिस्वातंत्र्याचा त्याच्याएवढा कैवारी मिळणें कठीण. आणि त्यानेंच १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथांत मोडक्या पुलाचें उदाहरण दिलें आहे. पूल निश्चित धोक्याचा असून एखादा मनुष्य अजाणतां त्यावर पाऊल टाकीत असेल आणि त्याला सांगावयास वेळ नसेल, तर त्याला हातानें मागें ओढलें म्हणून त्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडत नाहीं. कारण नदींत पडण्याची त्याची इच्छा नाहीं. जेथें धोका केवळ संभाव्य आहे तेथें मात्र त्याला सावध करावें, अडवूं नये. अपवाद एवढाच कीं, तो मनुष्य लहान मूल असूं नये, वातांत असूं नये, किंवा विचारशक्तीचा पूर्ण उपयोग करतां येऊं नये अशा अवस्थेंत असूं नये. निजलेल्या माणसाचें नांव मिल्लनें घेतलेलें नाहीं. पण दिवसाचे सहा-सात तास आपण सर्वच त्या अवस्थेंत असतों. शिवाय यंत्र कोणाला मागें ओढीत नाहीं. मिल्लनें ज्याला सर्वांत निरुपद्रवी उपाय मानलें तें सावध करण्याचें कामच तें करतें. जागेपणीं ‘मला सांगूं नका’ असें म्हणण्याचा हक्क मीं मान्य केला, तरी तो हक्क रात्रीं तीन वाजतां गुदमरणाऱ्या माणसास लागू आहे असें मानावयास मन धजत नाहीं. संध्याकाळचा मी आणि पहांटेचा मी यांत मालकी कोणाची, हा प्रश्न दिसतो तितका हास्यास्पद नाहीं.

हा सगळा परदेशी विचार आहे असा कोणाचा आक्षेप असेल तर त्यानें कौटिल्याचें अर्थशास्त्र काढून नागरिकाच्या कर्तव्यांचा अध्याय पाहावा. उन्हाळ्यांत दिवसाच्या मधल्या दोन प्रहरीं घरांत विस्तव पेटवूं नये, पेटविल्यास एक अष्टमांश पण दंड. स्वयंपाक करावयाचाच तर बाहेर करावा. प्रत्येक घरीं पाण्याचे पांच घट, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आंकडा, कातड्याची पखाल इत्यादि साधनें असावींत, नसल्यास पाव पण दंड. आग लागली असतां धांवून न जाणाऱ्या घरमालकास बारा पण, भाडेकऱ्यास सहा. निष्काळजीपणानें आग लावणाऱ्यास चौपन्न. गृहस्वाम्यांनीं रात्रीं आपापल्या दारापाशीं राहावें असेंही तेथें सांगितलें आहे. या आंकड्यांतील प्रमाण पाहून मला कौतुक वाटतें. घट न ठेवण्याचा दंड नाममात्र आहे. शेजाऱ्याकडे न धांवण्याचा दंड त्याच्या अठ्ठेचाळीस पट आहे. घरांत काय असावें हें सांगण्याचा हक्क राज्याकडे आहे असें कौटिल्य धरून चालतो, पण खरा राग त्यानें निष्काळजीपणासाठीं आणि शेजारधर्म मोडणाऱ्यासाठीं राखून ठेविला आहे.

आणि आपल्या गांवगाड्यांत जागल्या होताच कीं. खानदेशांत हें काम बहुधा भिल्लांकडे असे. तो रात्रभर फिरे, चोर, आग, पूर यांची हांक देई, आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर प्रत्येक घरून त्याला धान्य मिळे. ‘मला जागल्या नको, माझा वांटा मी देणार नाहीं’ असें म्हणण्याची सोय कोणा घरास नव्हती. मात्र या व्यवस्थेचें गोडवे गाणाऱ्यांत मी नाहीं. सगळ्या गांवानें निजावें म्हणून एका जातीनें पिढ्यान्‌पिढ्या जागावें, हा त्यांतला अन्याय उघड होता, आणि कनिष्ठ वतनें नाहींशीं करणारा १९५८ चा कायदा झाला तें योग्यच झालें. परंतु वतन गेलें म्हणून जागण्याची गरज गेली नाहीं. तें काम आज कोणाचाही जन्म वेठीस न धरतां एक डबी करूं शकते, आणि आपण ती खणांत ठेवून देतों.

येथवर कायद्याच्या बाजूनें बोललों. आतां विरुद्ध बाजूचें एक फार मोठें उदाहरण आमच्याच जिल्ह्यांचें आहे, तें टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. २२ जानेवारी २०२५ रोजीं लखनौहून मुंबईस जाणाऱ्या पुष्पक एक्स्प्रेसमध्यें, जळगांव जिल्ह्यांत पाचोऱ्याजवळ परधाडे स्टेशनच्या अलीकडे, डब्यास आग लागल्याची आवई उठली. कोणीं तरी सांखळी ओढली, गाडी थांबली, माणसें शेजारच्या रुळांवर उतरलीं, आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखालीं किमान बारा जण चिरडले गेले. आग नव्हती. माणसें गेलीं तीं इशाऱ्यानें गेलीं.

या घटनेनें मला पुष्कळ दिवस अस्वस्थ केलें. इशारा हा नेहमींच हितकर असतो असें आपण गृहीत धरितों, तसें नाहीं. अनोळखी तोंडून निघालेली, ताडून पाहतां न येणारी आरोळी आणि पुढें कोणत्या बाजूनें उतरावयाचें याचें अज्ञान, हीं दोन्ही एकत्र आलीं म्हणजे इशाराच घातक होतो. घरांतही हेंच आहे. जाळीच्या दारास कुलूप असून किल्ली कोठें आहे हें म्हातारीस ठाऊक नसेल, तर छताला बसविलेलें यंत्र तिला मरणापूर्वीं पांच मिनिटें जागें करील, एवढेंच. आणि रोज फोडणीला ओरडणारें यंत्र ‘लांडगा आला रे’ म्हणणाऱ्या पोराच्या वाटेनें जातें. त्याची बॅटरी काढणारा मी कांहीं जगांत एकटा नाहीं. तेव्हां केवळ डबी बसविण्याची सक्ती करणारा कायदा हा अर्धाच कायदा होय. बाहेर पडण्याची वाट मोकळी असली पाहिजे हा त्याचा उरलेला अर्धा भाग आहे, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे.

दुसरें भय कागदाचें. आपल्याकडे कायद्याची पूर्तता आणि कायद्याचें प्रमाणपत्र या दोन गोष्टी किती लवकर एकमेकींपासून फारकत घेतात हें सांगावयास नको. ९ जानेवारी २०२१ रोजीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत दहा नवजात बालकें आगींत दगावलीं. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीची आज्ञा सुटली. आणि त्याच वर्षीं ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयांत अकरा रुग्ण गेले. जेथें सरकारच मालक व सरकारच तपासनीस, तेथें ही स्थिति, तर लाखों घरांत शिरून छताकडे पाहणारा अधिकारी काय पाहील आणि काय घेऊन परतेल याचा अंदाज वाचकांनींच करावा.

शिवाय सर्व घरें सारखीं नाहींत. सातपुड्याच्या पायथ्याशीं कुडाच्या भिंतींच्या झोंपडींत चूल दिवसभर धुमसते आणि धूर छपरांतून वाट काढतो. तेथें हें यंत्र निरर्थक आहे, आणि त्याची सक्ती म्हणजे गरिबाची थट्टा.

मग कायदा असावा कीं नसावा? माझें मत असें आहे कीं असावा, परंतु दोन प्रकारचा. जेथें एक मनुष्य पैसे घेऊन किंवा कामाच्या मोबदल्यांत दुसऱ्यास आपल्या छपराखालीं निजवितो, म्हणजे भाड्याची खोली, विद्यार्थ्यांच्या कॉटी, आणि दुकान-गोदामावरचें वा त्यांतलें बिऱ्हाड, तेथें यंत्र व मोकळी वाट या दोहोंची सक्ती असावी आणि ती मोडल्यास खरा दंड असावा. इंग्लंडांत २०१५ पासून खासगी घरमालकावर प्रत्येक मजल्यास एक यंत्र बसविण्याचें बंधन आहे. त्यांत कोणाचा किल्ला ढांसळला असें ऐकिवांत नाहीं. मालक स्वतः राहतो त्या घरासाठीं मात्र कायद्यानें नियम सांगावा, पण अधिकारी पाठवूं नये. फ्रान्सनें ९ मार्च २०१० च्या कायद्यानें तसें केलें. ८ मार्च २०१५ पर्यंत प्रत्येक घरांत यंत्र असावें असें ठरविलें आणि न बसविणाऱ्यास दंड मात्र ठेविला नाहीं. शिक्षेवांचून कायदा हा कायदाच नव्हे असें आमच्या प्राध्यापकांनीं आम्हांस ऑस्टिनच्या आधारें शिकविलें होतें. मला तें आतां तितकेंसें पटत नाहीं. कौटिल्याचा पाव पण तरी शिक्षा म्हणून कितीसा भारी होता? घरांत पांच घट असणें ही घराच्या व्याख्येचीच गोष्ट आहे, एवढें तो सांगत होता. वीजजोडणी देतांना, घराचा नकाशा मंजूर करतांना, कर्ज देतांना ही गोष्ट विचारली गेली तर दहा-पंधरा वर्षांत ती अंगवळणीं पडेल. दारास कडी असावी असें सांगणारा कायदा नाहीं. तरी कडीवांचून घर कोणी बांधीत नाहीं.

मजपुरतें सांगावयाचें तर तें यंत्र मीं खणांतून काढलें. सोबतचा कागद तेव्हां मीं वाचला नव्हता. त्यांत स्वयंपाकघरापासून दूर बसवा असें स्पष्ट लिहिलें होतें. आतां तें जिन्याच्या माथ्यावर, निजावयाच्या खोल्यांसमोर आहे, आणि जाळीच्या दाराची किल्ली दाराशेजारीं खिळ्याला, बाळाच्या आईच्या हातास येईल अशी, टांगलेली आहे. महिन्यांतून एकदां त्याची कळ दाबून तें चालतें कीं नाहीं हें पाहावयाचें असतें. पहिल्यांदां रात्रीं निजण्यापूर्वीं मीं ती दाबली तेव्हां गल्लींतलीं कुत्रीं भुंकूं लागलीं, बाळ रडत उठलें, आणि शेजाऱ्यांनीं खिडकी उघडून काय झालें म्हणून विचारिलें. आई मात्र आपल्या खाटेवर जपमाळ घेऊन तशीच बसली होती. मी जवळ गेलों तेव्हां तिनें वर पाहिलें आणि “वाजलं का रे?” असें विचारिलें. निजावयाच्या वेळीं ती कानांतलें यंत्र काढून डबींत ठेविते, हें माझ्या ध्यानांतच नव्हतें. त्या दिवसापासून माझी पत्नी तिच्या खोलींत निजते.